बिमाराचा बुधला

उतारावर मोटरचं इंजन बंद झालं की बाकीचे प्रवासी दचकून ड्रायव्हरकडे बघतात. मी दचकत नाही. डोळे मिटतो आणि नुसत्या चाकांचा आवाज ऐकत बसतो. मेडशीहून पातूरकडे घाट उतरताना तो आवाज मी लढाईच्या दिवसांत पुष्कळ वेळा ऐकला आहे. तो कानावर आला की मला किसनभाऊ आठवतात, आणि आठवले की दिवसभर तोंड कडू राहतं.

किसनभाऊंचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही. इंझोरीकडच्या बेताच्या शेतीच्या घरातले ते धाकटे. शेत भावांना पुरेना, म्हणून ते रिसोडच्या एका शेठजींच्या मोटरवर आधी हमाल आणि मग ड्रायव्हर झाले. रिसोड, मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला अशी त्यांची फेरी. मी मेडशीच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. मॅट्रिक झालो तेव्हा गावानं गूळ वाटला होता. पण मला बी.ए. व्हायचं होतं. नोकरी सांभाळून मी बाहेरून परीक्षा देत होतो. अकोल्याहून जुनी पुस्तकं आणायला माझा भरवसा एकच, किसनभाऊ. पुस्तक हातात देताना ते कोटाच्या बाहीनं त्यावरची धूळ पुसत आणि म्हणत, "घ्या मास्तर, मले यातलं काई समजत नाई, पण वजनदार हाये बाप्पा."

अंगानं किडकिडीत. धोतर, त्यावर खाकी कोट, आणि कोटावर ड्रायव्हरचा पितळी बिल्ला. बिल्ला चिंचेनं घासून असा लख्ख ठेवलेला की उन्हात तो आधी दिसायचा, माणूस मागून. मोटर मात्र अनवाणी चालवत. चपला काढून सीटखाली सारायच्या आणि मगच पाय पुढे न्यायचा. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "बैल थकला तं उभा राह्यते, मान टाकते. मोटर सांगत नाई. तिले इचारा लागते. तळपायाले कळते थे, चपलेले कायचं कळते?"

टाकीतलं पेट्रोल संपलं, असं ते कधी म्हणत नसत. आपल्या घरांत बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, तसं ते म्हणत, "टाकी वाढली." आणि हे म्हणताना मोटरच्या दारावर हलकेच थाप मारत, जणू तिनं मनाला लावून घेऊ नये.

लढाई सुरू झाली आणि टाकी फार लवकर लवकर वाढायला लागली. पेट्रोलचा भाव चढला, मग पुन्हा चढला, मग भाव द्यायची तयारी असली तरी कुपनाशिवाय थेंब मिळेना. शेठजींनी भाडं वाढवलं. शिव्या मात्र ड्रायव्हरला बसायच्या. बाजाराच्या दिवशी मेडशीचे एक पाटील चढता चढता ओरडले होते, "काय बे किसन, सोन्याच्या चाकावर बसवून नेऊन राह्यला काय आमाले?"

किसनभाऊ शांतपणे म्हणाले, "चाक थेच हाये पाटील. तिची तहान महाग झाली."

मोटरभर हशा पिकला. या पाटलांकडे मला पुन्हा यायचं आहे.

शेठजींनी दुसराही एक नियम काढला. ठरल्यापेक्षा जास्त पेट्रोल जाळलं तर ते ड्रायव्हरच्या पगारातून कापायचं. रस्ता त्यांनी पाहिला नव्हता असं नाही. चढ किती, खड्डे किती, सगळं ठाऊक होतं. पण कापणं सोपं होतं. यावर प्रत्येक ड्रायव्हरनं आपापला तोडगा काढला. कोणी पेट्रोलमध्ये घासलेट मिसळायचा. मोटर खोकत, धूर ओकत चालायची. कोणी मधल्या गावांना थांबायचाच नाही, हात करणाऱ्या म्हाताऱ्यांना धुळीत सोडून जायचा. किसनभाऊंना दोन्ही जमलं नाही. "तिले घासलेट पाजू अन् वरून माणसं बसवू? आपल्या बैलाले कोणी दारू पाजून गाडीले जुपते काय?"

त्यांचा तोडगा म्हणजे उतार. घाटाच्या तोंडाशी मोटर आली की ते इंजन बंद करत. एकदम शांतता व्हायची. मोटर स्वतःच्या वजनानं वळणं घेत खाली उतरायची. आत बोलणारे आपोआप गप्प होत. किसनभाऊंचा एक पाय ब्रेकवर, मान किंचित कलती, कान चाकांकडे. कुठल्या वळणावर किती दाबायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, हे त्यांनी असं बसवलं होतं की मोटर जवळजवळ पातूरच्या पहिल्या घरांपर्यंत मुकी जायची. पुढेपुढे इतर ड्रायव्हरही हे त्यांच्याकडून शिकले. शिकवताना ते एकच सांगत, "ब्रेक तापला की वास येते. वास आला की थांबा, मंग कोणी कितीबी बोंबलो."

त्यानंतर कोळसा आला. मोटरच्या पाठीमागे उंच लोखंडी भट्टी बसवली, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर इंजन चालवायचं. गॅसच्या मोटरीत बसलेला माणूस उतरला की घरचे कुत्रे त्याच्यावर भुंकत, इतका तो काळा होई. सपाट रस्त्यावर ती कशीबशी चालायची. चढ लागला की दम सोडायची. मग प्रवाशांनी उतरायचं, पाटलांनीसुद्धा, आणि ढकलायचं. पेट्रोल मिळायचं ते फक्त सकाळी इंजन चालू करण्यापुरतं. चालू झालं की कोळशाच्या गॅसवर टाकायचं.

इथून बुधल्याची गोष्ट सुरू होते.

बुधला म्हणजे खरं तर ग्रीसचा रिकामा पत्र्याचा डबा. पातूरच्या, भांड्यांना डाक लावणाऱ्या माणसाकडून किसनभाऊंनी त्याला वरून अरुंद तोंड बसवून घेतलं होतं, तेलाच्या बुधल्यासारखं. तो त्यांच्या सीटखाली, चपलांच्या शेजारी असायचा. बुधल्याचा जन्म कसा झाला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते सांगितलं इस्माईलचाचांनी. चाचा मोटरवरचे क्लीनर, किसनभाऊंपेक्षा वयानं बरेच मोठे, पांढरी दाढी कोळशानं राखाडी झालेली. कुपनाच्या पहिल्याच साली मेडशीच्या स्टँडवर एका मजुराची बायको आणली होती, बाळंतपणात अडलेली. मोटर उभी होती आणि टाकी कोरडी. किसनभाऊ शेठजींच्या माणसाकडे, दुकानदारांकडे, सगळीकडे पेट्रोल मागत फिरले. परत आले तेव्हा त्या बाईच्या तोंडावर कोणीतरी लुगडं ओढलं होतं. चाचा म्हणाले, "उस दिन से किसन का बोलना कम हो गया, मास्टर. और ये डब्बा आ गया."

डबा भरायचा कसा, त्याचीही रीत होती. कोळशाची भट्टी पेटवताना हाताचा पंखा फिरवावा लागतो. तो थोडा फिरवला तर इंजन चालू करायला पेट्रोल लागतं. पुष्कळ वेळ, खांदे भरून येईपर्यंत फिरवला तर गॅसच इतका जोरात येतो की पेट्रोलचं काम पडत नाही. किसनभाऊ आणि चाचा पाळीपाळीनं पंखा फिरवत आणि वाचलेलं सकाळचं पेट्रोल बुधल्यात ओतत. हळूहळू त्या रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हरही आपलं वाचलेलं त्यात घालू लागले. कोणी न सांगता त्याला नाव पडलं, बिमाराचा बुधला. शेठजींना माहीत होतं. त्यांच्या खिशाला त्याची तोशीस नव्हती, म्हणून त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मेडशीपासून घाटाच्या तोंडापर्यंत सगळे चढ. कोळशाची मोटर मरायची ती तिथेच. म्हणून आजारी माणूस आला की बुधला फक्त तेवढ्या तुकड्यासाठी टाकीत रिकामा करायचा. तोंडाशी पोचलं की पुढे उतार होताच, आणि खाली सपाटीवर पुन्हा कोळसा. "देवानं रस्ता अर्धा करून ठेवला हाये," किसनभाऊ म्हणायचे, "अर्धा आपुन कराचा." किती जणांना त्या बुधल्यानं अकोल्याच्या दवाखान्यात पोचवलं ते मी मोजलेलं नाही, त्यांनीही मोजलं नसेल. त्यात त्या पाटलांची सून होती. आषाढात तिला आणली तेव्हा पाटील स्टँडवर पागोटं हातात घेऊन उभे होते. सून वाचली, नातू झाला. पाटलांनी गावभर पेढे वाटले. किसनभाऊंनाही एक मिळाला. तो त्यांनी चाचांना अर्धा दिला.

या बुधल्यापायी मी एकदा त्यांच्यावर फार चिडलो होतो.

बी.ए.च्या आधीची इंटरची परीक्षा होती, केंद्र अकोल्याला. पहाटेच्या मोटरीनं निघालो. घाटाचं तोंड अगदी समोर दिसत असताना भट्टीची नळी फुटली. चाचांनी चिंध्या बांधून पाहिल्या, ओला चिखल थापला. गॅस भसाभसा बाहेर. आम्ही ढकलायला लागलो, पण तो शेवटचा चढ उभा होता; मोटर दोन हात वर जाई आणि तेवढीच मागे येई. सूर्य वर आला. वर्षभर शाळा सुटल्यावर कंदिलापुढे बसून केलेला अभ्यास त्या चढावर पडून होता. एका प्रवाशाला बुधला माहीत होता. तो म्हणाला, "किसनभाऊ, ओत ना थे सीटखालचं. मास्तरचं साल जाऊन राह्यलं!"

सगळे माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघू लागले. मीही बोललो. विनवलं म्हटलं तरी चालेल. मी म्हणालो, "किसनभाऊ, वरपर्यंत तर जायचंय. पुढे उतारच आहे. मी हे पेट्रोल कुठूनही भरून देईन."

ते माझ्याकडे बघत नव्हते. चिखलानं भरलेले हात धोतराला पुसत म्हणाले, "परीक्षा बिमारी नाई, मास्तर."

"अहो, पण माझं वर्ष..."

"साल पुन्हा येते. आज तुमाले ओतलं अन् संध्याकाळी कोणी बाई आली, तं मी तिले काय सांगू? मास्तरचा पेपर होता म्हनून सांगू?"

मी रागानं रस्त्याच्या कडेला जाऊन बसलो. आणि मग या माणसानं काय करावं? तो चढ चालून वर गेला आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. त्या दिवसांत मिलिटरीच्या लॉऱ्या कोणासाठी थांबत नसत. माणसासाठी नाही, जनावरासाठी नाही. पहिली लॉरी त्यांना चुकवून, अंगावर खडी उडवून निघून गेली. ते जागचे हलले नाहीत. दुसरी इतकी जवळ येऊन थांबली की आम्ही खालून ओरडलो. किसनभाऊ तोडक्यामोडक्या हिंदीत त्या शिपायाला सांगत होते, "साब, ये हमारा मास्तर है. बडा इम्तिहान है. इसको छोड दो, मेरे को पीछे बांध के ले जाव तो भी चलेगा." शिपाई हसला. मला पाठीमागे पोत्यांवर बसवलं. मी पोचलो तेव्हा पेपर सुरू झालेला होता. कसाबसा पास झालो. आज माझ्या नावापुढे जी अक्षरं आहेत, त्यांतलं पहिलं अक्षर त्या चढावर हात पसरून उभं होतं, असं मला नेहमी वाटतं.

आता ती खंडेनवमी.

आपल्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. शेतकरी नांगर, विळे, कुऱ्हाडी मांडतो. मोटरवाल्यांनी आपली हत्यारं त्यात आणली. मोटर धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या आणि समोर ओळीनं नट आवळायचे पाने, जॅक, हँडल, हातपंप मांडून हळदीकुंकू वाहायचं. किसनभाऊ या बाबतीत फार कडक. इंझोरीला एका साली त्यांच्या वडिलांचा एक विळा शेजाऱ्याकडे गेला होता, तो पूजेत मांडायचा राहिला. पुढे त्याच विळ्यानं त्यांच्या आईचा अंगठा तुटला. ज्या हत्याराची पूजा चुकते ते वर्षाच्या आत दगा देतं, हे त्यांनी तेव्हा लहानपणी मनात धरलं ते कायमचं. मोडका पानासुद्धा ते ओळीत मांडत.

त्या साली शेठजींनी पूजेला जिल्ह्याच्या पेट्रोलच्या साहेबांना बोलावलं होतं. कुपनं त्या साहेबांच्या हातात होती. शेठजींची अर्धी कुपनं काळ्या बाजारात जातात हे रिसोडमधली शेंबडी पोरंही जाणत होती, साहेबही जाणत असावेत. मी सुट्टीला घरी निघालो होतो. पूजा झाल्याशिवाय मोटर सुटणार नव्हती, म्हणून मेडशीच्या स्टँडवरच थांबलो होतो. पाटीलही आले होते, नवा फेटा बांधून, शेठजींच्या शेजारी खुर्चीवर.

चाचा किसनभाऊंच्या कानाशी लागले होते. "किसन, आज साहब आ रहा है. डब्बा आज घर पे रख दे. कल ले आना."

किसनभाऊ बुधला पुसत होते. "सालभर ज्याच्या जोरावर माणसं नेले, त्याले आज गोधडीखाली झाकू, चाचा?"

"एक दिन की तो बात है रे."

"आजचाच दिस तं हाये. हत्यार लपवून पूजा होत नाई."

दुसऱ्या ड्रायव्हरांनीही सांगून पाहिलं. एकजण चिडून म्हणाला, "थो देव समजून घेईन बे, साहेब नाई समजनार!" पण किसनभाऊंनी बुधला ओळीच्या अगदी मधोमध ठेवला. त्याला कुंकवाची पाच बोटं ओढली, वर झेंडूचं मोठं फूल ठेवलं. आपण काही चोरून ठेवलं आहे, हे त्यांच्या मनात आलंच नसावं. त्यांच्या दृष्टीनं तो पान्यासारखाच एक पाना होता.

साहेब आले, नारळ फोडला. प्रसाद घेता घेता त्यांची नजर बुधल्यावर गेली. फूल बाजूला करून त्यांनी बूच काढलं, वास घेतला.

"हे कोणाचं?"

शेठजींनी एका शब्दात ते निभावून नेलं असतं. 'आमच्या शेडचं' म्हटलं असतं तर साहेब हसून पुढे गेले असते. पण आमचं म्हटलं की आमची कुपनं किती हा प्रश्न आला असता. शेठजी किसनभाऊंकडे बघत राहिले, जणू त्यांनाही आजच कळत होतं.

"बिमाराचं हाये साहेब," किसनभाऊ म्हणाले. "अडल्यानडल्या माणसाले दवाखान्यात न्याले ठेवलं हाये." आणि मग अगदी सहज, साक्षीला कोण पाहिजे ते समोर आहेच अशा विश्वासानं, ते पाटलांकडे वळले. "इचारा ना पाटलाले. आषाढात यायच्याच सुनेले नेलं."

सगळे पाटलांकडे बघू लागले. पाटलांनी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं, चावलं.

"माह्यी सून तं घरच्या बैलाच्या दमणीनं गेल्ती," ते म्हणाले. "आमाले कायले मोटर लागते?"

मी जवळून पाहत होतो. किसनभाऊंच्या चेहऱ्यावर राग आला नाही. गोंधळ दिसला. ब्रेक दाबावा आणि पाय नुसताच खाली जावा, तसा.

मी पुढे होऊन साहेबांना म्हणालो, मला माहीत आहे, मी सांगतो. ते म्हणाले, "मास्तर, कोर्टात सांगा."

किसनभाऊंवर पेट्रोलच्या काळ्या बाजाराचा खटला भरला गेला, म्हणून मी वाशीमच्या कोर्टात सांगायला गेलो. शाळेच्या वरिष्ठांनी जाऊ नका म्हणून बजावलं होतं. पण मला वाटत होतं, माझ्याजवळ अशी साक्ष आहे की तिच्यापुढे कोणाचं काही चालणार नाही. परीक्षेच्या दिवसाची सगळी हकिकत मी सांगितली. माझं वर्ष जात होतं, तरी त्यांनी बुधल्याला हात लावला नाही. असा माणूस काळा बाजार कसा करेल?

सरकारी वकील उठले. आवाज गोड होता.

"मास्तर, तुम्ही त्यांच्या ओळखीचे?"

"हो."

"नेहमीचे प्रवासी?"

"हो."

"तुम्ही पेट्रोल मागितलं आणि त्यांनी दिलं नाही."

"नाही दिलं. कारण..."

"तुमच्याजवळ त्या वेळी किती पैसे होते?"

माझ्याजवळ फारसं काही नव्हतं. तसं मी सांगितलं.

वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "ओळखीच्या, गरजू, पण फाटक्या खिशाच्या माणसाला द्यायचं नाही. माल मोठ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायचा. साक्षीदारानं आमचं काम सोपं केलं."

मागे कोणीतरी हसलं. मला बोलायचं होतं, पण न्यायाधीश बसा म्हणाले. ज्यांना ज्यांना बुधल्यानं नेलं होतं त्यांच्यातलं कोणी त्या दिवशी आलं नव्हतं. गरीब होते ते शिपायाच्या भीतीनं, आणि जे गरीब नव्हते ते पाटलांच्या शेजारी बसणारे होते. चाचा बोलले, पण ते मोटरवरचेच माणूस. शेठजींनी शपथेवर सांगितलं की आपल्या नोकरावर आपण आंधळा विश्वास ठेवला.

किसनभाऊंना काही महिन्यांची सजा झाली आणि लायसन कायमचं गेलं. बिल्ला तिथेच काढून घेतला. कोटावर त्या जागी कापडाचा मूळ रंग राहिला होता, गोल, गडद. बाहेर नेताना मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. तेच म्हणाले, "तुमी आले मास्तर. बस झालं." मग थोडं थांबून म्हणाले, "शाळा बुडली अशीन आज."

बुधला कोर्टाच्या मालखान्यात जमा झाला.

त्याच थंडीत मेडशीजवळच्या तांड्यावरची माणसं एका बाईला खाटेवर घालून स्टँडवर आली. बंजाऱ्यांना कोर्टाची बातमी नव्हती. बुधल्याची मात्र होती. पुढचा माणूस प्रत्येक मोटरपाशी जाऊन विचारत होता, "बुधल्याची मोटर कोनती भाऊ? बुधल्याची मोटर कोनती?" मी शाळेच्या ओट्यावरून पाहत होतो, धावत गेलो. ड्रायव्हर माना खाली घालून भट्टीतला कोळसा हलवत राहिले. त्यांना मी दोष देत नाही. वाचलेला थेंब आता कोणीच कुठे साठवत नव्हतं. शेवटी आम्ही एक बैलगाडी जोडून दिली. ती घाटाच्या अलीकडूनच परत आली, बाईच्या तोंडावर लुगडं ओढून.

चाचा महिन्यातून एकदा तुरुंगाच्या दाराशी जात. त्यांनी ही गोष्ट किसनभाऊंना सांगितली. सांगू नये असं मला वाटत होतं, पण चाचांना खोटं जमत नसे. ऐकून किसनभाऊंनी एवढंच विचारलं, "घाटाच्या वर, का खाली?"

"ऊपर," चाचा म्हणाले.

भेटीची वेळ संपेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

लढाई संपली, देश स्वतंत्र झाला. भट्ट्या भंगारात गेल्या. पेट्रोल मिळू लागलं, पण चढलेला भाव काही उतरला नाही. मी बी.ए. झालो. निकाल लागला तेव्हा आईनं पहिला पेढा देवापुढे ठेवला. दुसरा कोणाला द्यायचा हे मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. किसनभाऊ तेव्हा घाटाच्या तोंडावरच्या नाक्यावर होते. रस्त्याच्या आडवी बल्ली असते, तिचा दोर ओढून ती वर करायची आणि मोटर गेली की खाली सोडायची, हे काम. लायसन नसलेल्या माणसाला मोटरच्या सर्वांत जवळचं एवढंच काम मिळालं होतं.

मी उतरलो तो दिवस नेमका खंडेनवमीचा होता. त्यांनी पेढा कपाळाला लावला, मोडला आणि सवयीनं अर्धा बाजूला ठेवला. चाचा जाऊन तोवर वर्ष झालं होतं. मग माझ्या पिशवीतलं पुस्तक मागून हातात धरलं, बाहीनं पुसलं. केस पिकले होते. पाय अजून अनवाणीच.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मी ज्या मोटरीनं आलो तीच सुटली. बल्लीखालून पलीकडे गेली आणि तिचं इंजन बंद झालं. मुकी होऊन ती उतारावर निघाली. मला आनंद झाला. मी म्हणालो, "किसनभाऊ, तुमची विद्या चालू आहे अजून!"

ते कान देऊन ऐकत होते. पहिलं वळण गेलं तसे म्हणाले, "ब्रेक जास्त दाबून राह्यला." मग थुंकले. "वाचलेलं पेट्रोल पातूरले इकतेत मास्तर. सारेच. हाटेलाच्या मांगं गिऱ्हाइक उभंच राह्यते. मीच शिकवलं त्यायले."

मी विषय बदलायला पाटलांचं विचारलं. "जातेत ना इथून," ते म्हणाले. "मोटर घेतली त्यायनं. नातू बसते पुढं. मोठा झाला. मले राम राम करते थो." आणि हे सांगताना, खरंच सांगतो, त्यांचा चेहरा क्षणभर उजळला होता.

नाक्याच्या झोपडीसमोर त्यांनी जागा सारवून पूजा मांडली होती. झाडू, कंदील, कोयता, बल्लीच्या दोराचं जास्तीचं वेटोळं. ओळीच्या मधोमध मोकळी जागा होती. तिथे सारवलेल्या भुईवर कुंकवाची पाच बोटं ओढलेली आणि वर झेंडूचं मोठं फूल. वस्तू काहीच नव्हती.

मी त्या जागेकडे पाहत राहिलो. त्यांच्या ते लक्षात आलं.

"मांडा लागते मास्तर," ते म्हणाले. "हत्यार लपवून पूजा होत नाई."

त्यांनी सगळ्या ओळीवरून उदबत्ती फिरवली, मधल्या जागेवर थोडी जास्त वेळ धरली. खालून कोणाची तरी मोटर चढ चढत येत होती. उदबत्ती भुईत खोचून ते उठले आणि दोर ओढायला गेले.